चालू गोळी

श्रीकृष्ण ढोले यांनी गोळी उजेडाला धरली, नखाने तिची कड खरवडली, भुकटी जिभेच्या टोकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. टेबलापलीकडे बसलेल्या भैरवी मॅडम हा सगळा प्रकार बघत होत्या. त्यांनी हात पुढे करून गोळी परत घेतली आणि ती काकूंसाठी आहे, काकांनी चाखायची नाही, असं हसत सांगितलं. हसत सांगितलं म्हणूनच ढोल्यांचा संशय आणखी वाढला.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात मधुमेहाच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती, आणि ढोल्यांच्या बायकोचं, सुहासिनीचं, नाव त्यात घालायचं चाललं होतं. दारव्ह्याहून दोघं सकाळच्या एस.टी.ने आले होते. चाचणीत येणाऱ्या माणसांना सगळं समजावून सांगायचं आणि त्यांच्या तपासण्या सांभाळायच्या, हे भैरवी मॅडमचं काम. मुलगी वयाने लहान, पण बोलणं ठाम. पेशींमध्ये ग्लुकोकायनेज नावाचं एक एन्झाइम असतं, असं तिने सांगितलं. रक्तात साखर किती आली हे ओळखायचं आणि तिची सोय लावायला सुरुवात करायची, हे त्याचं काम. नाक्यावरच्या माणसासारखं. मधुमेहात हा नाक्यावरचा माणूस सुस्तावतो. नव्या गोळीतलं रसायन त्याला जाऊन चिकटतं आणि पुन्हा चालू करतं.

"चालू करते?" ढोल्यांनी विचारलं. "म्हंजे चालू गोळी हाये ही."

मॅडमना यातली खोच कळली नाही. कळणार कशी? ढोल्यांनी उभी हयात एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून काढली होती, आणि कापसाच्या धंद्यात 'चालू माल' म्हणजे ज्याला कोणी भाव देत नाही असा, आखूड धाग्याचा, कवडी म्हणजे किडका कापूस मिसळलेला माल. तिथे 'चालू' या शब्दाला चांगला अर्थच नव्हता. माणूस चालू म्हटला तर विचारूच नका.

पुढचं ऐकून तर ते खुर्चीच्या कडेवरच आले. चाचणीतल्या निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार होती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी, जिच्यात औषधच नाही. कोणाला कोणती, हे रोग्याला ठाऊक नाही, मॅडमना नाही, खुद्द डॉक्टरांनाही नाही. सगळ्यांना सारखंच मोजता यावं म्हणून ही व्यवस्था. सुहासिनीच्या जुन्या दोन गोळ्यांपैकी एक चालू ठेवायची, दुसरी पूर्ण बंद करायची, आणि तिच्या जागी ही. साखर फारच वाढली तर लगेच चाचणीतून बाहेर काढून आधीची औषधं सुरू करू, हेही मॅडमनी सांगितलं. पण ढोले तोवर मागेच अडकले होते.

"डॉक्टरलेच मालूम नाई आपन काय देऊन राह्यलो?" त्यांनी विचारलं. "मग कायचा डॉक्टर थो?"

सुहासिनी मात्र वेगळ्याच गोष्टीवर थबकली होती. तुमची मर्जी असेल तरच सही करा, आणि नंतर कोणत्याही दिवशी मन बदललं तर कारण न सांगता बाहेर पडा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. ते वाक्य तिने पुन्हा म्हणून घेतलं. मग ढोले चष्मा पुसत होते तेवढ्यात तिने सही करून टाकली. आर्णीला दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीचा पाय साखरेपायी कापावा लागला होता आणि पुढची दोन वर्षं ती खाटेवरूनच दाराकडे बघत राहिली होती. सुहासिनीला त्या खाटेची भीती होती. आपले पाय आपलेच राहिले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं.

परतीच्या एस.टी.त ढोल्यांनी तिला बरंच सुनावलं. ती खिडकीबाहेर शेतांतली कापसाची पराटी बघत होती. शेवटी म्हणाली, "मले पैल्यांदाच कोनी इचारलं, तुमची मर्जी हाये का म्हनून."

"इचारून फसवनारे जास्त पक्के असतात," ढोले म्हणाले.

संशय घेणं हा ढोल्यांचा स्वभाव होता की धंद्याने लावलेली सवय, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं होतं. कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकात आली की इतर ग्रेडर वरचा कापूस मुठीत घेऊन दाबून बघत. ढोले बाही सरकवून खांद्यापर्यंत हात आत खुपसत आणि तळातला कापूस ओढून काढत. तो गालाला लावत. वर कोरडा, फुललेला माल आणि खाली पाणी मारलेला, वजन वाढवण्यासाठी; हा खेळ त्यांच्या गालाने कितीदा पकडला होता. मालकांना त्यांचं कौतुक होतं. शेतकरी त्यांच्या तोंडावर काही बोलत नसत. बोरी अरबचे रामराव एकदाच बोलले होते. त्यांचा माल वरून खालपर्यंत सारखा निघाला होता, दरवर्षीच निघायचा, तरी ढोल्यांनी दरवर्षी हात खुपसला. त्या वेळी रामराव दुसरीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "एखांद्या साली तं वरूनच पाहा ना, ढोलेभाऊ." ढोल्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माल चांगला असेल तर हाताचं भय कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब.

नोकरी सुटली, गाड्या गेल्या, हात रिकामा झाला. मग तो घरात फिरू लागला. दुधात बोट, सिलिंडर उचलून वजनाचा अंदाज, भाजीच्या पिशवीत तळाशी चाचपणी. सुहासिनीला साखर निघाल्यावर तर त्यांना घरातच फाटक सापडलं. ती चोरून गोड खात असणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि साखरेचा डबा ताब्यात घेतला. आज तो कपाटावर, उद्या धान्याच्या कोठीमागे. पाहुणा आला की तिला नवऱ्याकडे साखर मागावी लागे. ती हसून मागत असे. शेजारच्या लीलाबाईंना सांगताना, आमच्या घरात साखर लपाछपी खेळते, असं म्हणत असे.

एक गोष्ट मात्र ती अभिमानाने सांगायची. सकाळचा चहा हे करतात. निवृत्तीनंतर ढोल्यांनी स्वयंपाकघरातलं तेवढंच एक काम अंगावर घेतलं होतं. तिच्यासाठी बिनसाखरेचा कप आधी, स्वतःचा नंतर. ती ओट्याला टेकून उभी राही आणि आयता कप हातात आला की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते बघायला ढोल्यांना आवडायचं. हे ते कोणाला सांगत नसत, तिलाही नाही.

चाचणी सुरू झाली. सुहासिनीने कंबर कसली. सकाळी लीलाबाईंबरोबर मैदानाला फेऱ्या, ज्वारीची भाकर, गोळी ठरल्या वेळी, बोट टोचून साखर बघणं ठरल्या वेळी. जुनी बंद केलेली गोळी तिने उरलेल्या पाकिटांसकट कपाटाच्या खणात ठेवून दिली. पहिल्या तपासणीत साखर उतरली, दुसऱ्या तपासणीत आणखी उतरली. भैरवी मॅडम म्हणाल्या, काकू, तुमच्यासारखं नेमाने करणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही. हे वाक्य ती घरी येऊन दोनदा बोलली. ढोल्यांनी मान हलवली. वरचा माल चांगला आहे, एवढं त्यांनी मनात म्हटलं.

मग लीलाबाईंच्या घरी लग्न निघालं, पंगती झाल्या, फेऱ्या चुकल्या, आणि साखर थोडी चढली. त्याच सुमाराला दवाखान्यातून गोळ्यांचा नवा डबा मिळाला होता. ढोल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधीच्या डब्यात खरी गोळी, या नव्या डब्यात कोरी. हीच तर गाडी भरायची पद्धत. सुरुवातीला विश्वास बसेल एवढा कोरडा कापूस आणि मग खाली पाणी. चाचण्या अशा चालत नाहीत, एका माणसाला शेवटपर्यंत एकच गोळी मिळते, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पण ढोल्यांनी आयुष्यभर जे पकडलं होतं त्याच्यापुढे एका पोरीच्या सांगण्याचं काय वजन?

त्यांना बायकोची काळजी होती, हे खोटं नव्हे. तिच्या बहिणीची ती खाट त्यांनीही पाहिली होती. फक्त त्यांची काळजी यायची ती संशयाच्याच रस्त्याने. तिला सांगून उपयोग नाही, ती त्या मॅडमच्या नादी लागली आहे, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खणातली जुनी गोळी काढली, चमच्याने चुरली आणि तिच्या चहात टाकली.

"चहा कडू लागून राह्यला," सुहासिनी म्हणाली.

"पत्ती बदलली," ढोले म्हणाले.

साखर पुन्हा उतरली. सुहासिनीला वाटलं, नव्या गोळीने आणि फेऱ्यांनी साधलं. ढोल्यांना वाटलं, आपला हात तळापर्यंत पोचला. एका घरात दोन माणसं एकाच आकड्यावर खूश होती आणि दोघांची कारणं वेगळी होती. मोबाईलवर ती मॅडमना आकडे सांगायची, तेव्हा ढोले पेपरामागे मिशीत हसायचे. रोजच्या चहात रोज एक गोळी पडत राहिली.

चतुर्थी आली. सुहासिनी उपास धरायची आणि रात्री चंद्र पाहून सोडायची. जुनी गोळी सुरू होती तेव्हा उपासाच्या दिवशी ती न चुकता टाळत असे. पोटात अन्न नसताना ती घेतली तर साखर झपकन खाली जाते, हे तिच्या आधीच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ढोल्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्या गोळ्या तपासल्या होत्या, पाकिटं तपासली होती, तिलाच कधी विचारलं नव्हतं. सकाळी नेहमीसारखा चहा झाला. ती गणपतीच्या देवळात जाऊन आली, फेऱ्या मारून आली. केळं खाऊ म्हणाली आणि कामात विसरली.

दुपारी ती अंगणात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. ढोले आतून बघत होते. ती डुलक्या घ्यायला लागली. उपास आहे म्हणते आणि चोरून काहीतरी खाऊन पेंगते, असं त्यांच्या मनात आलं. मनात यायला त्यांना वेळ लागत नसे. ते बाहेर आले. सूप मांडीवरून कलंडलं होतं आणि डाळ फरशीवर सांडली होती.

"काहून वं, झोपली का?"

ती काहीतरी बोलली, पण शब्द जुळत नव्हते. ढोल्यांनी तिच्या मानेमागे हात घातला. तो हात ओल ओळखायला तयार झालेला होता. मान थंडगार आणि निथळत ओली होती, नऊवारीचा काठ भिजला होता. ऊन तर अंगणाच्या पलीकडे सरकलेलं. साखर खाली गेली की अंग असं थंड, ओलं पडतं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काय झालं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि साखर हवी, एवढंही कळलं.

साखरेचा डबा कुठे होता, ते मात्र त्यांना आठवेना. ते कपाटावर चाचपत राहिले, कोठीमागे चाचपत राहिले, पलंगाखालच्या पेटीतल्या गाद्या उपसत राहिले. आपणच लपवलेली वस्तू. तोंडाने ते बायकोचं नाव घेत होते, जे त्यांनी लग्नात एकदा घेतल्यानंतर मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. तो आवाज ऐकून लीलाबाई भिंतीपलीकडून धावत आल्या, परत जाऊन गुळाचं पाणी घेऊन आल्या आणि सुहासिनीच्या ओठांना थेंबथेंब लावत बसल्या. शेजारच्यांनी जीप आणली. दारव्ह्याच्या दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली तेव्हा कुठे तिने डोळे उघडले, आणि पहिलं विचारलं ते, डाळ कोणी भरली का.

ढोले बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही.

ती बरी होऊन चालायला लागल्यावर दोघांना यवतमाळला बोलावणं आलं. या वेळी भैरवी मॅडमबरोबर डॉक्टरही बसले होते. साखर एवढी खाली जाणं ही चाचणीत गंभीर घटना मानतात, तिची नोंद वर पाठवावी लागते, आणि रोग्याच्या जिवासाठी तिची गोळी कोणती होती हे उघडून बघायची मुभा असते, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी ते उघडून पाहिलं होतं.

"काकू, तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून कोरी गोळी होती. औषध नव्हतंच त्यात."

"म्या म्हनलंच होतं!" ढोले ओरडले.

जन्मभराचा विजय त्यांच्या तोंडून बाहेर पडला आणि खोलीत तसाच राहिला. सुहासिनी मांडीवरच्या पिशवीचे बंद चाळवत होती. मग तिने हळूच विचारलं की सुरुवातीला साखर उतरली होती ती कशाने. ती तुमच्या फेऱ्यांनी आणि तुमच्या नेमाने, असं मॅडम म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज मऊ झाला. सुहासिनीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं.

"अन् आता पडली थे कायनं?"

हाच प्रश्न आम्हालाही आहे, असं डॉक्टर म्हणाले. कोऱ्या गोळीने साखर पडत नाही. बंद केलेली जुनी गोळी घरात होती का? कोणी घेतली का? त्यांनी दोघांकडे पाहिलं. सुहासिनीने फक्त नवऱ्याकडे पाहिलं. ढोल्यांची नजर टेबलाच्या कडेवर होती, आणि उजवा हात मांडीखाली दाबलेला होता. ती बराच वेळ बघत राहिली. तिला चहाची चव आठवली असावी, कारण तिने जिभेने ओठ पुसले.

ढोल्यांनी बोलायला तोंड उघडलं. नंतर ते स्वतःला पुष्कळदा बजावायचे की आपण उघडलं होतं. पण तिने त्यांच्या आधी बोलून घेतलं.

"मीच घेतली असंन," ती म्हणाली. "जुन्या सवयीनं. चुकून."

भैरवी मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "काकू, तुमच्याकडून हे वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. ओरडून नाही, रागावूनही नाही; वाईट वाटून. सुहासिनीने मान खाली घातली. ज्या एका ठिकाणी तिच्यावर कोणी हात न खुपसता विश्वास ठेवला होता, तिथे तिने आपली पत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली होती, आणि ती ज्याच्यासाठी ठेवली तो माणूस बाजूलाच गप्प बसला होता. चाचणीतून बाहेर पडण्याच्या कागदावर तिने सही केली. या वेळी ढोल्यांचा चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांना सगळं स्वच्छ दिसलं.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. ढोले म्हणाले की मला तुझीच काळजी होती. ती हो म्हणाली. ते म्हणाले की मी सांगणारच होतो. ती त्यालाही हो म्हणाली. बोरी अरबच्या थांब्यावर माणसं चढली, उतरली. दारव्हा येईपर्यंत ती त्या 'हो'पलीकडे काही बोलली नाही. ती भांडली असती तर ढोल्यांना भांडता आलं असतं.

घरी गेल्यावर त्यांनी साखरेचा डबा शोधून काढला. तो देवघराच्या फळीमागे होता. त्यांनी तो ओट्यावर, चहापत्तीच्या शेजारी, उघड्यावर ठेवला. खणातली उरलेली जुनी गोळी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, पदराच्या गाठीत बांधली आणि भाकरी थापायला बसली.

सकाळी ढोले लवकर उठले. त्यांनी चहा ठेवला. आलं किसलं, पत्ती बेताने टाकली, चमचा दोनदा धुतला. तिचा कप आधी भरला. ती नेहमीच्या जागी, ओट्याला टेकून उभी होती. चहा चांगला झाला होता, वासावरूनच कळत होतं. त्यांनी कप तिच्या हातात दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

सुहासिनीने कप घेतला. फळीवरची बशी उतरवली. अर्धा चहा बशीत ओतला आणि ती बशी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"आधी तुमी घ्या," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती कप हातात धरून उभी राहिली. ढोल्यांनी बशी उचलली आणि अंगणाकडे तोंड फिरवून, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायले. रिकामी बशी त्यांनी तिला दाखवली. मग तिने कप ओठाला लावला.